गरम जॉब मोजू नये

अंबडच्या कंपनीत सतरा वर्षं मी शाफ्ट मोजते.
पंचवीस मिलिमीटर, दहा मायक्रॉन इकडे किंवा तिकडे,
त्यापलीकडचं सगळं लाल पेटीत.
पहिल्या दिवशी खैरनार काकांनी दोनच गोष्टी शिकवल्या.
मायक्रोमीटर मुठीनं आवळायचा नाही,
शेपटाला रॅचेट असतं, ते फिरवायचं,
टिक, टिक, टिक, बस.
आणि मशीनवरून उतरलेला गरम जॉब मोजू नये.
लोखंड फुगलेलं असतं पोरी,
खोटं बोलत नाही ते,
पण त्या वेळेपुरतंच बोलतं.

मार्चमध्ये एकदा पगार साहेबांनी,
आडनाव पगार, आणि माझी पगारवाढ
चार वर्षं त्यांच्याच खणात,
सगळ्या लाइनसमोर विचारलं,
"मॅडम, चष्मा बदलायचा की डोकं?"
चाळीस शाफ्ट परत आले होते. माझी चूक अकरांची.
उरलेल्या एकोणतीसांचं मी काही बोलले नाही.
हसलेसुद्धा थोडं.
ते हसणं आठवलं की अजून दात शिवशिवतात.

घरी, जेल रोडला, अण्णा गॅलरीत.
छत्तीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या त्यांनी,
आता चमचे मोजतात, वाटाणे, पायऱ्या,
समोरच्या दोरीवरचे दुसऱ्यांचे कपडे.
"शिफ्ट सुटली का गं?"
सुटली, अण्णा.
चहाला उकळी येईपर्यंत
सुटली. सुटली. हो. सुटली.
आठव्यांदा विचारलं आणि मी गाळणं आपटलं,
बोलले ते इथे लिहिणार नाही.
ते घाबरले नाहीत.
काउंटरपलीकडच्या अनोळखी बाईकडे बघावं
तसं बघितलं माझ्याकडे
आणि म्हणाले, "माफ करा,
माझी मोजणी चुकली."

वड्याचं तेल वांग्यावर, आई म्हणायची.
मला वाटायचं, ही म्हण दुसऱ्यांसाठी आहे.

रात्री दसकच्या पुलापर्यंत चालत गेले.
खाली गोदावरी, थोडं पाणी, बरीचशी पाणवेल.
कठड्याला टेकून राग मोजायला घेतला.
हा संताप का?
नाही, संतापाला समोर कोणीतरी ताठ लागतं.
वैताग?
तो द्वारकेच्या सिग्नलला चढतो
आणि पुढच्या चौकात उतरून जातो.
चीड म्हणावी तर ती वागण्याची येते,
आणि अण्णांनी वागावं तरी कसं आता?
त्रागा.
हां, इथे काटा जरा हलला.
त्राग्याच्या खाली बोट घातलं
तर लाज निघाली,
सकाळी साडेदहाची,
अजून कोमट.

तेव्हापासून जिन्यात थांबते.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, विजेच्या मीटरपाशी
पिशवी खाली ठेवते.
वरचे बोरस्ते विचारतात, "किल्ली विसरलात?"
हो म्हणते.
जॉब निवू देते.
रोज निवतो असं नाही.
गेल्या मंगळवारी पुन्हा ओरडले, ओल्या टॉवेलवरून,
म्हणजे टॉवेलवरून नाही.
पण ओरडता ओरडताच कळलं
की हे बिटको चौकातून आणलंय मी,
आणि आवाज मध्येच
टिक.

पगार साहेबांनाही सांगितलं शेवटी.
सोमवारी, चहाच्या आधी, हात खिशात घालून,
कारण हात थरथरत होते.
अकरा माझे. एकोणतीस रात्रपाळीचे.
ते फायलीत बघत "बरं" म्हणाले.
पगारवाढ खणातच आहे.

आज जिना चढून आले, तर गॅलरीतून तेच,
"शिफ्ट सुटली का गं?"
सुटली. मग सुटली. मग पुन्हा.
शेजारी बसले, शेंगा सोलायला घेतल्या
आणि विचारलं, अण्णा,
कितव्यांदा विचारताय हे?
त्यांनी बोटं मोजली,
जुन्या सवयीनं दोनदा,
आणि म्हणाले, "पहिल्यांदाच."

त्यांच्यापुरतं ते बरोबर होतं,
दहा मायक्रॉनच्या आत.