शून्यसुद्धा लिहिते

म्हापशाच्या बाजारात दुपारी चारला
प्रेमावती हरमलकर येते.
खांद्याला काळी पिशवी, पिशवीत पिग्मीचे मशीन,
मशीनच्या तोंडातून जिभेएवढी पावती.

तेव्हा मी पायलट स्टँडवरून उठून
पोदेराच्या भट्टीमागे जाऊन उभा राहायचो.
कायतान तिला सांगायचा,
गुरुदास आत्ताच भाडे घेऊन गेला, हणजूणला.
माझी पिवळी-काळी मोटरसायकल
तिच्या डोळ्यांसमोर सावलीत उभी.

तीनदा ती काही न बोलता गेली.
चौथ्यांदा भट्टीमागेच आली.
"आज नाही," मी म्हटले.
"मग शून्य लिहिते."
"शून्य कशाला लिहायचे?"
"कोरे ठेवले तर तुम्हीच नव्हता असे होते.
शून्य म्हणजे तुम्ही होता, पैसे नव्हते."

पैसे नव्हते असे नव्हते.
सकाळपासून सहा भाडी झाली होती.
पण भाड्याचा पैसा खिशात ओल्या साबणासारखा,
जितक्यांदा हात लावावा तितका झिजतो.
भजी-पाव, चहा, पुन्हा चहा,
मटक्याचा एक आकडा, जो कालच लागायला हवा होता,
रात्री घरी पोचेपर्यंत नुसता फेस.

आई वैशाखात पुरुमेंत भरायची.
सुकी सुंगटे, खारवलेले बांगडे,
सोलां, मिठात मळलेला चिंचेचा गोळा.
सगळे माळ्यावर चढवून झाले
की शिडी शेजाऱ्यांच्या पडवीत नेऊन ठेवायची.
"हात पोचला की भूक लागते," म्हणायची.
आम्ही हसायचो.
शिडी मागायला जाताना मात्र
दर वेळी वाटेत विचार करावा लागायचा,
खरेच हवे आहे का.

प्रेमावतीची पिशवी ही तीच शेजारची पडवी,
हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली.

आता दिवसाचे पहिले भाडे माझे नाही.
भवानीची नोट टाकीला लावतो, कपाळाला लावतो,
आणि आतल्या खिशात टाकतो.
तो निशिताने शिवलाय, बटण मुद्दाम घट्ट लावून.
एका हाताने उघडत नाही.
दोन हात लावायचे तर गाडी थांबवावी लागते,
आणि गाडी थांबवली की
माणसाला थोडी लाज वाटायला वेळ मिळतो.

एका शुक्रवारी तिची स्कूटर बंद पडली.
"मला फिरवाल?" म्हणाली.
चोरिसवाल्या बाईकडे, मयड्याच्या केळ्यांपाशी,
मडकीवाल्याकडे, जिन्याखालच्या शिंप्याकडे.
कोणी चुरगळलेली नोट मांडीवर सपाट करून द्यायचे,
कोणी दहाची नाणी, मासळीच्या वासासकट.
घड्याळे दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने
नुसते डोके हलवले.
तिने शून्य लिहिले.
त्याने ती पावती भिंग लावून नीट वाचली,
घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवली.

सोसायटीच्या पायऱ्यांशी तिने भाडे दिले.
त्यातले पन्नास मी तिलाच परत दिले.
ती पहिल्यांदा हसली, पावती फाडली.
"तुमचे स्वतःचे खाते?" मी विचारले.
"आहे ना. तुमच्या दोन ओळी वर."
"किती झाले?"
"दुसऱ्याचा आकडा विचारायचा नाही."

गेल्या महिन्यात इंजिनचे काम निघाले.
मेस्तने सवयीने विचारले, "हप्त्याने?"
मी म्हटले, "नको."
एवढासा शब्द, पण तोंडात
खडीसाखरेसारखा बराच वेळ राहिला.

नाही म्हणायला अजून शून्ये पडतात.
परवा दिवसभर एकच गिऱ्हाईक,
तेही पेट्रोलमध्ये गेले.
चारला मी स्टँडवरच बसून होतो.
"लिही," म्हटले. तिने लिहिले.

हल्ली कायतान भट्टीमागे जाऊन उभा राहतो.
मी तिला सांगतो, हणजूणला गेलाय.
ती मान डोलावते, पिशवी सावरते,
आणि सरळ भट्टीमागे चालू लागते.