क्रियापद शेवटी

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत चेवड्याची पाकिटं भरणारा
एक काटा आहे, माझ्या लग्नाच्या वयाचा.
त्याला जी भाषा कळते
ती ह्या कारखान्यात आता कुणालाच येत नाही.
जशुभाई पंचालांना यायची. ते डभोईला मुलीकडे असतात
आणि दुपार की संध्याकाळ
ते हल्ली त्यांना सांगावं लागतं.
गेल्या मंगळवारपासून थोडी थोडी
मला येते.

मुलगा फोनवर म्हणाला, फोर्थ?
आई, ह्यात नोकरी कोण देतं?
म्हटलं, नोकरी आहे रे मला.
काटा बिघडलाय.

पहिल्या दिवशी अडले ते भलत्याच ठिकाणी.
ज्या भाषांवर इतकी वर्षं पोट भरलं
त्या आधी हुकूम सोडतात, मग बघतात कोणावर.
ही दोन ठेवते,
तीन ठेवते,
आणि मग म्हणते, मिळव.
मी पडद्याकडे बघतच राहिले.
अगं, ही तर आपल्यासारखी बोलते!
आई अशीच सांगायची:
मधल्या फळीवरची, डावीकडची, निळ्या झाकणाची बरणी...
आणि आपण स्टुलावर हात वर करून उभ्या,
काढायची, पुसायची की नुसती सरकवायची
ते वाक्य संपल्यावर कळणार.

तोवर सगळं थप्पीवर राहतं,
धुतलेल्या ताटल्यांसारखं. शेवटची आधी उचलायची.

अनोळखी शब्द दिला तर ही रागवत नाही.
तोच शब्द परत करते,
पुढे एक प्रश्नचिन्ह लावून.
हे मात्र ओळखीचं निघालं.
पुण्याला मामेबहिणी असंच करायच्या.
मी म्हणायचे, जरा ती थेली दे ने.
थेली?
ने?

जशुभाईंनी काट्याला गुजराती शिकवली होती.
इंग्रजी अक्षरांत, पण खोल, बंध, थोभ.
पंचेचाळीस शब्द, एकावर एक रचलेले,
आणि बिघाड होता एकविसाव्यात:
हळवे.
त्यांच्याकडे हळवे म्हणजे सावकाश, अलगद.
आपल्याकडे काय, ते तुम्हाला माहीत आहे.
मी दोन्ही अर्थ लावून पाहिले.
पाकीट अकरा ग्रॅम जास्तच.

शब्द काढून टाकायचीही सोय आहे. विसर, म्हणायचं,
आणि पुढे त्या शब्दाचं नाव.
फक्त मॅन्युअलच्या तळाशी, बारीक टायपात:
तो शब्द जातो
आणि त्याच्यानंतर शिकलेले सगळे.

रविवारी बसने डभोईला गेले.
ओट्यावर खुर्ची, मांडीवर न उघडलेलं छापं.
शिर्केबेन म्हटलं, तर मान हलवली, ओळख नाही.
कारखाना म्हटलं. मुलीच्या नवऱ्याचं नाव घेतलं.
नाही.
कोणता शब्द गेला असेल ह्यांचा, इतका खालचा,
की वरची एवढी थप्पी त्याच्याबरोबर गेली?
चहा झाला. उठता उठता, उगाचच म्हटलं,
जशुभाई, हळवे?

उजवा हात आपोआप वर आला,
बोटं जुळली, जणू चिमटीत काही आहे.
छेल्ला दस ग्राम, ते म्हणाले.
हाथ रोकी रोकीने.
आणि हवेत दाणे सोडू लागले,
एक,
मग थांबून
एक.

म्हणजे तो शब्द आधीचा होता.

सोमवारी रात्रपाळीच्या पोरांना थांबवून ठेवलं.
हळवे पुन्हा लिहिला, शेवटच्या दहा ग्रॅमांत थांबे घातले,
मग त्याच्यावरचे चोवीस शब्द, एकेक करून, परत शिकवले,
दर ओळीला तो म्हणतोय ओके,
ओके,
जेवलीस का विचारल्यावर मुलगा म्हणतो तसं.

पहिलं पाकीट पडलं. दोनशे दोन ग्रॅम.
हे दोन कुठे अडकलेत
ते उद्या बघेन.