ताट निथळू दे

पहिल्या वर्षी मी शब्दार्थ फळ्यावर लिहायची.
डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, मध्ये बरोबरचं चिन्ह.
पोरं उतरवून घ्यायची, घोकायची,
घंटा झाली की दप्तरात कोंबून घरी न्यायची.
तिथं ते कुणी उघडायचं नाही.

जांबोटीच्या अलीकडे, रस्त्याला लागून शाळा.
भिंतीवर नाव दोन लिप्यांत.
खालच्या ओळीचा रंग आधी उडतो,
एसटीच्या चाकांचा चिखल तिथवरच पोचतो म्हणून.
पटावर तेवीस. कुणाचं बोलणं कोंकणीला टेकलेलं,
कुणाचं कन्नडला, तमन्नाच्या घरी दखनी.
मुलगी असून सातेरी म्हणते, ‘बाई, मी आलो.’
मी दुरुस्त करायची. मग सोडून दिलं.

सोडून दिलं म्हणजे
फळा पुसला, आणि बोलायला लागले.
‘भरमू, खिडकी सताड नको, किलकिली ठेव.’
त्यानं आधी सताड उघडली, मग गच्च लावली,
मग माझ्या तोंडाकडे बघत बघत
बोटभर फट ठेवली.
‘हां. किलकिली.’
एवढाच अर्थ. उन्हाची एक काडी
तिसऱ्या बाकावर पडली, तेवढा.

‘खडू संपला नाही, झिजलाय.’
‘रेटू नको रे, सरक.’
‘उत्तर चुकलं नाही तुझं, निसटलं.’
दिवसभर तोंड चालू.
शेजारच्या वर्गातले पाटणेकर गुरुजी
दारातून डोकावून म्हणाले,
‘बाई, शिकवता कधी?’

बिसीऊट झाला की नळापाशी ताटं धुतात.
ओलीच एकात एक घालतात, दुसऱ्या दिवशी वास.
म्हणून जूनपासून रोज : ‘थांबा, निथळू दे.’
ताट तिरकं धरून दाखवायची,
कडेला थेंब जमेपर्यंत,
तो पडेपर्यंत,
पुढचा जमेपर्यंत.

लगमव्वा गोकाककडची. आईबाप वीटभट्टीवर.
पाच महिने तिनं हजेरीला नुसता हात वर केला.
ताट मात्र सगळ्यांत जास्त वेळ तीच धरून उभी.

मग तपासणीला साहेब आले, कन्नडच बोलणारे.
पोरं जुन्या पेपरांच्या तुकड्यांत
कालचे शब्द बघत होती.
भरमूच्या खांद्यावर हात ठेवून साहेबांनी विचारलं,
‘एन माडताइद्दीरी?’
‘शब्द हुडकूलाव,’ भरमू म्हणाला.
मी भाषांतर करायला पुढं झाले.
गेल्या वर्षी त्याच्या वहीत
याच हुडकण्याला मी लाल रेघ मारली होती,
कडेला लिहिलं होतं : शोधणे.
‘हुडुक्री, हुडुक्री,’ साहेब म्हणाले,
आणि पुढच्या बाकाकडे वळले.
मी जागच्या जागी राहिले, तोंड अर्धवट उघडं.
किलकिलं.

डिसेंबरात वर्ग मलप्रभेकाठी नेला.
पाणी कमी, दगड वर आलेले.
एक म्हैस पात्रातून सावकाश चढून आली
आणि काठावर नुसती उभी राहिली,
पोटाखालून धार, मग धारेचे थेंब.
‘बाई,’ मागून कुणीतरी,
इतक्या बारीक आवाजात की मला वाटलं सातेरी,
‘म्हस निथळूल्याय.’

लगमव्वा.
तेवीसच्या तेवीस माना वळल्या, तिची पण,
जणू तीही बघत होती कोण बोललं.

‘तुमच्यात काय म्हणतात याला?’ मी विचारलं.
तिनं सांगितलं. एकदा. मग सगळ्यांसाठी पुन्हा,
म्हशीकडे बोट धरून, मोठ्यानं.
मी म्हणून बघितलं. पोरं हसली.
पुन्हा म्हटलं.

‘चुकलं नाही बाई,’ भरमू म्हणाला,
‘निसटलं.’