पोकळ फरशा

चावी मिळाली मंगळवारी. चावी म्हणजे दोन कार्डं,
एक दाराचं, एक गाड्यांच्या फाटकाचं,
आणि एक जाड फाइल, जिच्यात माझं आडनाव
तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलंय.
उस्ताद रमझी म्हणाला, मबरूक मॅडम,
दोष असतील ते महिन्याभरात कळवा.
नंतर भिंत पडली तरी ती तुमचीच.

म्हणून शनिवारी सकाळी मी गुडघ्यांवर,
हातात एक दिरहमचं नाणं.
किराणावाल्या कुंजुमोननं शिकवलं होतं:
नाण्यानं फरशी वाजवायची.
भरीव असली तर टक्.
पोकळ असली तर आवाज जरा लांबतो,
रिकाम्या डब्यातून कुणी ओ दिल्यासारखा.

विद्याधर वहीत लिहितोय.
हॉल, खिडकीपासून तिसरी, पोकळ.
न्हाणीघर, उतार उलटा.
घर पाहावं बांधून, असं म्हणतात.
आम्ही पाहतोय ठोकून.

शारजात सोळा वर्षं काढली,
वर्षाला चार चेक, त्यांच्या चार तारखा
सणांपेक्षा पाठ.
भिंतीला भोक पडलं तर अनामत कापायचे,
म्हणून कॅलेंडर फ्रीजवर, चुंबकाला धरून,
आणि गणपती मायक्रोवेव्हच्या डोक्यावर.
दूध तापवायचं तर आधी देवाला उचला.
लेक लहानपणी विचारायची,
बाप्पाला उकडत नाही का गं?

आता अजमानला आलोय, सतराव्या मजल्यावर.
खाली शहर रोज थोडं सरकतं.
गेल्या महिन्यात वाळूत जिथे गाडी लावली
तिथे पत्र्याचं कुंपण आलंय.
बकऱ्यांच्या बाजाराकडे जाणारा रस्ता
एका नव्या गोल चौकानं गिळला,
फोनमधली बाई अजून म्हणते, सरळ जा.
फाटकावरचा गुलरेज हसतो,
कंपनीच्या माणसांनाही रस्ता तोच सांगतो,
पगार न वाढलेला एकटा नकाशा.

घर कायमचं आहे. कागद तसं म्हणतो, अरबीतून.
आम्ही मात्र दोन-दोन वर्षांचे,
विद्याधरच्या साहेबाच्या सहीपुरते.
हे मी आईला फोनवर सांगितलेलं नाही.
ती विचारत होती, तुळस कुठे ठेवणार.

दुपारी फ्यूजची पेटी उघडली.
झाकणाच्या मागे, सिमेंटवर, पेन्सिलीनं:

आलू तेल ९०
फोन ३०
मुन्नी फीस ४००
घर ५५०
कुल १०२०

त्याखाली रेघ, आणि पुन्हा तेच, पुढच्या महिन्याचं.
आणि पुन्हा.
नव्वदचे शंभर झालेले. फोन पंधरावर आलेला.

मी हिशोबनीस. हात आपोआप शिवशिवला.
पहिल्या महिन्याची बेरीज चुकलीय,
एक हजार सत्तर हवी.
पन्नास दिरहम माझ्या भिंतीत कुठेतरी मुरले.
आठवड्याची शंभर कामं, उन्हानं तापलेला लोखंडी जिना,
दिवे नसलेल्या या खोलीत तो उभा राहून लिहीत असेल,
कान शिफ्टच्या बसकडे.
आणि घर या शब्दापुढे त्यानं साडेपाचशे लिहिले.
मी त्याच शब्दापुढे पंचवीस वर्षांचे हप्ते लिहिलेत.

विद्याधरनं बाहेरून विचारलं,
पेटीत काय? लिहू काही?
आत रंग लावायचा राहिलाय, हे मला दिसत होतं.
यादीत टाकलं असतं तर गुरुवारी माणूस आला असता
ब्रश घेऊन.

नको, म्हटलं. आतलं ठीक आहे.
झाकण लावलं, स्क्रू जरा जास्तच आवळला.
लेक म्हणाली, आई, नाणं मला दे ना,
आणि ओट्याखाली शिरली.
टक्. टक्.
मग एक लांब आवाज.
ती थांबली.
आतून कुणी परत वाजवेल,
अशी कान लावून.