दाराच्या बाजूला

धावपट्टीच्या टोकाला, कुंपणाशी,
मालवाहू डबे जोडून केलेलं एक विमान आहे.
पंख नाहीत. नाक ठोकून ठोकून चपटं.
आत चौदा लोखंडी खुर्च्या,
आणि चौदाही खुर्च्यांवर कुणी ना कुणी
खिळ्यानं आपलं नाव कोरून ठेवलंय.
आम्ही तिला म्हातारी म्हणतो.
आठवड्यातून दोनदा म्हातारीला पेटवतो.

एल आल्तोची हवा विरळ.
खालच्या मुलखातून आलेला एव्हेर
बूट चढवतानाच धापा टाकतो.
तार्की म्हणतात, आगीलाही इथे धाप लागते,
म्हणून तिला दुबळी समजू नका.
उपाशी आग दाराकडे बघत बसते.

तार्कींना भुवया नाहीत.
का नाहीत ते सांगत नाहीत,
आणि ते बोलत असले की
आम्ही सगळे तिथेच बघतो.

ज्वाळा बघू नका, म्हणतात. ज्वाळा लेकरंही बघतात.
धूर बघा.
वाहतोय की उकळतोय,
छतापासून किती वीत खाली आलाय.
आम्ही गुडघ्यांवर,
आणि वरचं काळं आभाळ आपल्याच वजनानं वाकत येतं
खुर्चीच्या पाठीपर्यंत,
मग हातापर्यंत,
मग माझ्या मुखवट्याच्या काचेपर्यंत.
त्या काळ्यात जिभा फिरू लागतात,
पिवळ्या, निळसर, कशालाच न टेकलेल्या.
धूरच पेटलाय.
तार्की बोट वर करतात.
मी खटका दाबते, सोडते. दाबते, सोडते.
पाण्याची चिमूट, बस.
जास्त मारलं तर वाफ आपल्यालाच उकडून काढते,
आणि इथलं पाणी तर मुळातच उतावळं,
सत्त्याऐंशी अंशांवरच उकळतं.
छत पुन्हा नुसतं काळं होतं.
शेजारी एव्हेर देवाचं नाव घेतोय,
मुखवट्यातून ते घोरल्यासारखं ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी दार.
पत्र्याचा रंग फुगलेला.
फटीतून धूर बाहेर येतो,
आणि मागे ओढला जातो.
दार श्वास घेतंय.
"आता?" तार्की विचारतात.
मी बाजूला सरकते, खांदा भिंतीला,
मान वळवून, हात लांब करून कडीकडे.
ते मला थांबवतात.
"हे मी अजून शिकवलेलं नाही."

रिओ सेकोत आमची भट्टी आहे.
मार्राकेता पाव, एका खेपेला दोनशे.
आई भट्टीच्या तोंडासमोर कधीच उभी राहिली नाही.
नेहमी बाजूला, हात लांब, मान वळवलेली,
जसा आतून कुणी उद्धट पाहुणा बाहेर पडणार आहे.
मी उभी राहिले होते एकदा, सात वर्षांची, वास घ्यायला.
तिनं वेणी धरून मागे ओढलं.
रागावली नाही.
म्हणाली, आधी तिला श्वास घेऊ दे, मग तू घे.

हे तार्कींना सांगितलं.
ते हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं.

तेवीस वर्षं ते या ठाण्यात.
तेवीस वर्षांत एकही विमान पेटलं नाही.
धावपट्टीवरची कुत्री हाकलली,
सांडलेल्या इंधनावर फेस पसरला,
उपाहारगृहातला एक तवा विझवला,
आणि रोज घड्याळ लावून तीन मिनिटांत
बंब नेला त्या टोकाला, जिथे काहीच नव्हतं.
गवत, वारा,
पलीकडे इयिमानी, पांढरा.
"कंटाळा नाही आला?" एव्हेरनं विचारलं.
तार्की नळीतलं पाणी काढत होते,
रात्री ते गोठतं.
"आला," म्हणाले. "धर ते टोक."

आज पहाटे भट्टीपाशी बसले.
आईनं झाकण काढलं, बाजूला राहून.
कमानीखाली धूर होता,
पातळ, राखाडी, आळशी.
"काय बघतेस?"
"किती खाली आलाय ते."
तिनं लाकडी फावडं आत सारलं.
"पाव बघ," म्हणाली. "करपतील."