न लिहिलेली ओळ

सात फायली. हिरव्या दोनशे बारा ओळी, लाल चौऱ्याण्णव.
उद्यमनगरातली शेवटची लेथ साडेनऊला थांबली,
तेव्हापासून तुझा पॅच वाचतेय, वृषभ.
खाली कटिंग ऑइलचा वास, वर माझा पंखा,
मधल्या स्लॅबमधून अजून येणारी ऊब.

तुझं काम नेटकं आहे, आधी हे लिहिते.
आभासी मशीनला मेमरी किती, कुठली, कुणाशी वाटून घ्यायची,
पाच ठिकाणी विखुरलेले पर्याय
तू एका छपराखाली आणलेस.
नुसता आकडा दिला तर तो मेगाबाइटच धरायचा
ही जुनी खोडही सांभाळलीस. बरं वाटलं.

मग एकशे एकाहत्तरावी ओळ.
‘आधीच राखून ठेव’ याच्यापुढं ‘नाही’ होतं,
तू ‘होय’ केलंस.
एका शब्दाचा बदल.
वरच्या टिपणात त्याचा उल्लेख नाही.

आजवर आपण मशीनला चार जीबी म्हणायचो
आणि द्यायचो ती हात लावेल तेवढीच पानं,
जशी लग्नात पानं पाचशे सांगतात
आणि भात पंगत बसेल तसा चढतो.
तू म्हणतोस, पाचशे पानं आधीच वाढा,
दारात कुणी नसलं तरी.

माझे वडील दोन गल्ल्या पलीकडं
फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करायचे.
ओतलेलं लोखंड निवताना आक्रसतं,
म्हणून त्यांची पट्टीच वेगळी,
फुटामागं एक सूत मोठी.
ड्रॉइंगवर हे कुणी लिहीत नसे.
पगार त्याचाच मिळायचा.

कागलच्या पुढं एक दूध संस्था आहे.
एक जुना डबा, आठ जीबीचा,
त्यात मी बसवून दिलेली तीन मशीनं, प्रत्येकाला चार सांगितलेले.
सांगितलेत बारा, आहेत आठ,
आणि सहा वर्षं कुणाचं अडलं नाही.
तुझा ‘होय’ तिथं पोचला
तर तिसरं मशीन उठणारच नाही.
पहाटे पाचला फॅट लागायचं बंद,
कॅन रांगेत, म्हशींवाले रांगेत,
आणि सचिव मगदूम आण्णा बटण दाबत उभे.
आण्णा पर्याय वाचत नाहीत.
डिफॉल्ट म्हणजे त्यांनी न लिहिलेली ओळ,
आपण त्यांच्या नावानं लिहिलेली.

हे सगळं जरा जास्तच तिखट लिहिलं होतं, मग पुसलं.
म्हटलं, आधी बघू, ते ‘नाही’ लिहिलं कुणी.
इतिहास काढायच्या आज्ञेचं नावच ब्लेम.
तेरा वर्षांपूर्वी, पहाटे पावणेतीन,
उज्ज्वला सुतार.
माहेरचं नाव बघून दचकले.
कारण म्हणून एकच वाक्य:
‘सध्या असंच राहू दे.’

पावणेबाराला तुझं उत्तर आलं.
मॅडम, आमच्या कॉलेजात परीक्षेच्या मधोमध मशीन मेलं.
कबूल केलेली पानं ऐन वेळी नव्हती.
नाही म्हणायचंच होतं
तर दारातच म्हणायचं ना.

याला माझ्याकडं उत्तर नाही.
दोनदा चहा झाला, तरी नाही.

म्हणून एवढंच लिहिते.
डिफॉल्ट तूर्त ‘नाही’च ठेव.
पण सुरू होतानाच बेरीज करू दे त्याला,
कमी पडणार असेल तर ओरडू दे, मोठ्यानं,
लॉगच्या तळाशी पुटपुटणं नको.
माहितीपत्रकातली ओळ बदल.
आणि कारण लिही, वृषभ,
माझ्यासारखं नको.

दीड वाजला.
आण्णा साडेचारला उठतात.
तेव्हाच फोन करते:
स्क्रीनवर अपडेट म्हणून काय आलं
तर आण्णा, दाबू नगासा.