कानामागे

इनिसफेलमध्ये दुपारच्या उन्हाला मळीचा वास येतो,
साखर कारखान्याच्या धुराड्यातून उतरलेला.
व्हिल्माच्या दुकानात पंखा फिरतो
आणि अर्न खुर्चीत बसतो, मान खाली घालून.
एकतीस वर्षं उसाची छोटी आगगाडी हाकलेला माणूस,
ज्याला अजून वाटतं, केस कापायला पैसे मोजणं
हा शुद्ध वेडेपणा.

आधी नोरीन कापायची. मागच्या व्हरांड्यात,
खांद्यावर विटका टॉवेल, रेडिओवर घोड्यांच्या शर्यती.
तिला जाऊन दोन गाळप-हंगाम झाले.

कात्री थांबते.
"अर्न, हा तीळ केव्हाचा?"
"कुठला?"
"डाव्या कानामागचा."
"कानामागचं मला काय दिसणार, पोरी?
तिथं मी फक्त गोष्टी टाकतो."

व्हिल्मा हसत नाही.
तीळ तिनं हजारांनी पाहिलेत,
भांगात, मानेवर, टकलावर,
गोल, तपकिरी, वर्षानुवर्षं
नेमून दिलेल्या जागी बसलेले.
त्यांचं काही नाही. बहुतेकांचं काहीच नसतं.
रस्त्यात झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालावा
तशी ती कात्री बाजूनं नेते.

पण हा.
नाताळात होता मसुराच्या दाण्याएवढा.
आता कडा फाटल्यात,
एक अर्धं दुसऱ्या अर्ध्याला ओळख देत नाही,
मध्ये काळा, खाली जांभळट,
वर एक फिकट ठिपका,
जणू तेवढाच रंग कुणी चाटून नेला.
अर्नच्या मानेवर आणखी अकरा आहेत.
हा त्यांच्या गोतातला नाही.
लग्नाच्या पंगतीत कुणी बसलेला असतो ना,
वरपक्षाला वाटतं वधूकडचा,
वधूपक्षाला वाटतं वराकडचा,
आणि तो आपला मागून मागून जेवत असतो.

"खाजतो?"
"उशीवर कधी रक्ताचा डाग दिसतो. वाटलं, डास."
"टोपी घालायचास ना इंजिनावर?"
"घालायचो की. मागची झालर डावीकडून उसवलेली.
नोरीन म्हणायची, दे, शिवून देते."

तो देत नसे.

मी ज्या भाषेत हे लिहितोय
तिथं बाळाला दृष्ट लागू नये म्हणून
गालावर काजळाचा खोटा तीळ काढतात.
खऱ्याकडे कसं बघायचं
ते मात्र कुणी शिकवत नाही.

व्हिल्मानं स्वतःच फोन लावला.
उरलेले केस तसेच राहिले, एका बाजूनं लांब,
आणि अर्न तसाच गेला दवाखान्यात.
तरुण डॉक्टरीणबाईंनी दिव्याचं भिंग टेकवलं
आणि बोलणं मध्येच सोडलं.
नऊ दिवस.
मग कागद आला: मेलॅनोमा.
अर्ध्या मिलिमीटरहून जरासा जास्त खोल,
म्हणजे नखाच्या जाडीइतका.
"मुळं फार खाली नव्हती, भोवतीच्या कातडीसकट
सगळं काढलंय. पण अजून वर्षभर थांबला असता तर..."
बाईंनी वाक्य टेबलावर तसंच ठेवलं.
अर्नने ते उचललं नाही.

दीड महिन्यानं तो पुन्हा खुर्चीत.
कानामागे गुलाबी, ताणलेली रेघ.
बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.
"नोरीनला दिसला असता."
"हो."
"तिला एक होता. गळ्याखाली, हाडापाशी. साधाच.
एकावन्न वर्षं रोज पाहिला."
कात्री चालू.
"आता डावीकडे की उजवीकडे, ते आठवेना."

त्या संध्याकाळी व्हिल्मानं दुकान लवकर बंद केलं.
घरी रेन्झो फुटबॉल बघत होता.
तिनं टीव्ही बंद केला, ट्यूब लावली,
ब्लाउज काढून त्याच्याकडे पाठ केली.
"बघ."
"काय बघू?"
"सगळं," ती म्हणाली. "आणि लक्षात ठेव."